लबाडी एक, न्याय अनेक

कारखानदार एकच, इंजिन एकाच घराण्याचे आणि त्यात दडवलेली लबाडीही एकच; परंतु त्या लबाडीपायी फसलेल्या ग्राहकाला मिळालेला न्याय मात्र देशोदेशी निराळा. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल घोटाळ्याला १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत वाचा फुटली. त्यानंतर दंड, खटले, तडजोडी आणि दुरुस्त्या यांपायी या कंपनीला ३० अब्ज युरोंहून अधिक रक्कम मोजावी लागली. अमेरिकेतील मालकाला त्यातून गाडीची घोटाळ्यापूर्वीची किंमत आणि वर रोख भरपाई मिळाली. जर्मनीतील मालकाच्या हाती साडेचार वर्षे ताटकळल्यानंतर काही हजार युरो पडले. ब्रिटनमधील मालकाला त्याहूनही अधिक काळ थांबावे लागले. आणि भारतातील मालकाला काय मिळाले? गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये आणा, सॉफ्टवेअर बदलून देऊ, एवढे आवतण! तोच गुन्हा, तोच गुन्हेगार. मग फसवल्या गेलेल्यांच्या पदरात पडलेले माप इतके कमीअधिक का, हा प्रश्न केवळ मोटारींच्या मालकांपुरता उरत नाही.

मुळात ही फसवणूक होती तरी कशी? डिझेल इंजिनात ज्वलनाचे तापमान वाढले की नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू तयार होतात. फुप्फुसांना अपाय करणारे आणि शहरांवर धुरक्याचे छत्र धरणारे हे वायू आवरण्याची यंत्रणा गाडीत बसवता येते. पण ती अखंड चालू ठेवायची तर इंधन अधिक जळते, काही भाग लवकर झिजतात किंवा एखादे रसायन पुनःपुन्हा भरावे लागते. फोक्सवॅगनने यावर अफलातून तोडगा काढला. सरकारी चाचणीच्या वेळी गाडी रुळांवर उभी असते, चाके फिरतात. पण स्टिअरिंग हलत नाही आणि वेग ठरलेल्या आराखड्याप्रमाणेच कमीजास्त होतो. गाडीतील संगणकाला हे नेमके ओळखायला शिकवण्यात आले. चाचणी सुरू आहे असे दिसले की प्रदूषण रोखणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने कामाला लागे. गाडी रस्त्यावर आली की तीच यंत्रणा हात आखडता घेई. हत्तीचे दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे असतात, ही म्हण एखाद्या यंत्राला इतकी चपखल क्वचितच लागू पडली असेल. ही करामत जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होती.

ती उघडकीस आणण्याचे श्रेय कोणत्याही महासत्तेच्या गुप्तहेर खात्याकडे जात नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांच्या एका लहान गटाने गाडीच्या मागच्या भागात मोजणीची उपकरणे बसवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली. या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय अभियंते होते, ही अभिमानाची बाब. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणीत जेट्टा ही गाडी अमेरिकी मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड ओकत असल्याचे दिसले. वर्षभराहून अधिक काळ कंपनीने ‘तांत्रिक कारणे’ पुढे केली. अखेर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नव्या वर्षाच्या गाड्यांना परवानगी नाकारण्याचा पवित्रा घेतला, तेव्हा कुठे सत्य बाहेर आले. २३ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांना पायउतार व्हावे लागले.

यानंतर लक्षावधी कुटुंबांपुढे एक विलक्षण पेच उभा राहिला. ‘स्वच्छ डिझेल’ या जाहिरातीवर विसंबून, पेट्रोल गाडीपेक्षा चार पैसे अधिक मोजून त्यांनी गाडी घेतली होती. पर्यावरणाला हातभार लावल्याचे समाधानही त्या किमतीत होते. एका सकाळी त्यांना कळले की आपली गाडी शेजाऱ्याच्या मुलाच्या श्वासात विष कालवते आहे, आणि तिचा पुनर्विक्रीचा भावही कोसळणार आहे. मालक फसवला गेला होता आणि नकळत प्रदूषणाचे साधनही बनला होता. कंपनीने देऊ केलेले पैसे घ्यावेत की न्यायालयात जावे? गाडी परत करावी की दुरुस्त करून वापरावी? दुरुस्तीनंतर मायलेज आणि पिकअप घटले तर दाद कोणाकडे मागावी? हे हिशेब जगभरच्या मालकांना करावे लागले. पण ते करताना त्यांच्या पाठीशी उभा असलेला कायदा सारखा नव्हता.

अमेरिकेपासून सुरुवात करू. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने तेथील मालकांची बोळवण करण्याचा पहिला प्रयत्न केला. ५०० डॉलरचे खर्च-कार्ड आणि कंपनीच्याच विक्रेत्याकडे वापरण्यासाठी आणखी ५०० डॉलरचे कार्ड, असा तो ‘सदिच्छा’ नजराणा होता. तेथील शासन आणि मालक यांनी तेवढ्यावर समाधान मानले नाही. पर्यावरण खाते, ग्राहकहिताची जपणूक करणारा व्यापार आयोग, राज्य सरकारे आणि मालकांचे सामूहिक दावे अशी चौफेर कोंडी झाली. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी १४.७ अब्ज डॉलरच्या तडजोडीला मान्यता दिली. दोन लिटर इंजिनाच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांच्या मालकांना पर्याय मिळाला. सप्टेंबर २०१५ मधील, म्हणजे घोटाळ्याने भाव पडण्यापूर्वीच्या किमतीला गाडी कंपनीला परत विकायची, किंवा सरकारने मान्य केलेली दुरुस्ती फुकट करून घेऊन गाडी ठेवायची. दोन्ही पर्यायांत मालकांना सर्वसाधारणपणे ५,१०० ते १०,००० डॉलर रोख भरपाई होतीच.

या तडजोडीतील खरा मुद्दा रकमेपलीकडचा आहे. ठरलेल्या मुदतीत किमान ८५ टक्के गाड्या रस्त्यावरून हटवल्या किंवा दुरुस्त केल्या नाहीत तर कंपनीला आणखी दंड, अशी त्यात अट होती. झालेल्या प्रदूषणाची झीज भरून काढण्यासाठी २.७ अब्ज डॉलरचा स्वतंत्र निधी होता. म्हणजे मालकाचे नुकसान आणि हवेचे नुकसान यांचे दोन वेगळे हिशेब मांडले गेले आणि दोन्ही वसूल झाले. व्यापार आयोगाने २०२० मध्ये दिलेल्या माहितीनुसार मालकांना ९.५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली आणि दावा पूर्ण करणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक जणांनी गाडी परत करणेच पसंत केले. परत आलेल्या त्या लाखो गाड्या मिशिगनमधील ओस पडलेल्या क्रीडागाराच्या आवारात आणि कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रांगेने उभ्या होत्या. ग्राहकाला मोकळेपणाने निवड करू दिली तर तो विश्वासघातकी वस्तू घरात ठेवत नाही, याचे ते मूर्तिमंत उदाहरण होते.

खुद्द जर्मनीत काय घडले? कंपनीच्या मायभूमीत अशा गाड्या सुमारे २४ लाख. तेथे कंपनीचा सूर निराळा होता. युरोपच्या नियमांनुसार हे सॉफ्टवेअर बेकायदा नाही, सॉफ्टवेअर बदलून दिले की काम संपले, भरपाईचा प्रश्नच येत नाही, असे ती सांगत राहिली. सॉफ्टवेअर बदलणे मालकांना सक्तीचे होते. न बदलल्यास गाडीची नोंदणी रद्द होण्याची वेळ आली. म्हणजे लबाडी कंपनीने करायची आणि तिच्या निस्तरणीचे ओझे मालकाने वाहायचे! बदलानंतर इंधन अधिक लागते, सुटे भाग बिघडतात अशा तक्रारी अनेकांनी केल्या. एकेकट्या मालकाने बलाढ्य कंपनीशी न्यायालयात झुंजायचे तर वकिलाचा खर्चच गाडीच्या किमतीला भिडायचा. सामूहिक दाव्याची वाट जर्मन कायद्यात नव्हती. ती १ नोव्हेंबर २०१८ पासून खुली झाली आणि दाव्यांची मुदत तर त्याच वर्षअखेर संपत होती. जेमतेम दोन महिन्यांच्या त्या फटीतून ग्राहक संघटनांच्या महासंघाने दावा गुदरला आणि चार लाखांहून अधिक मालकांनी त्यात नावे नोंदवली.

या दाव्याची परिणती २८ फेब्रुवारी २०२० च्या तडजोडीत झाली. सुमारे २ लाख ६० हजार पात्र मालकांसाठी ८३ कोटी युरो. गाडीच्या वयानुसार आणि प्रकारानुसार प्रत्येकी १,३५० ते ६,२५७ युरो. सरासरीने खरेदी किमतीच्या सुमारे १५ टक्के. गाडी मालकाकडेच राहणार, पण पुढे दावा लावण्याचा हक्क सोडायचा. निर्णय घ्यायचा होता एप्रिलअखेर. बहुसंख्यांनी होकार दिला. आणि २५ मे २०२० रोजी, महिनाही उलटण्यापूर्वी, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका स्वतंत्र दाव्यात निर्वाळा दिला की कंपनीने ग्राहकांना हेतुपुरस्सर आणि नीती सोडून फसवले असून मालक गाडी परत करून पैसे मागू शकतो. त्या दाव्यातील गृहस्थाने ३१,४९० युरोंना घेतलेल्या जुन्या गाडीचे, वापराची वजावट जाऊन, २५,६०० युरोंहून अधिक परत मिळाले.

तडजोड स्वीकारणारे मग मूर्ख ठरले का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. वापराची वजावट किलोमीटरवर ठरत होती. ज्याची गाडी लाखो किलोमीटर धावली होती त्याच्या हाती न्यायालयातून फारसे काही लागले नसते. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने स्पष्टही केले की ही वजावट काही वेळा संपूर्ण भरपाई गिळून टाकू शकते. डिसेंबर २०२० मध्ये तर, २०१५ सालीच आपल्या गाडीत खोट असल्याचे ठाऊक असूनही २०१९ मध्ये दावा लावणाऱ्याचा हक्क मुदतबाह्य ठरला. ‘थांबू आणि पाहू’ म्हणणाऱ्यांचे हात रितेच राहिले. सर्वाधिक नुकसान झाले ते स्वस्थ बसलेल्यांचे. थोडक्यावर समाधान मानणाऱ्याला थोडके मिळाले, झुंजणाऱ्याला त्याच्या परिस्थितीनुसार कमीअधिक मिळाले. झोपून राहिलेल्याला काहीच मिळाले नाही.

ब्रिटनची कथा याहून संथ. तेथे सुमारे ९१,००० मालक एकत्र आले, वर्षानुवर्षे झगडले आणि मे २०२२ मध्ये कंपनीने १९ कोटी ३० लाख पौंड देऊन न्यायालयाबाहेर मिटवामिटवी केली. सरासरीने प्रत्येकी दोन हजार पौंडांहून थोडे अधिक. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीला साडेबारा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. गुन्हेगारी जबाबदारीचे चक्र तर याहून मंद फिरले. जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले ते मे २०२५ मध्ये, आणि त्यांपैकी दोघांनाच तुरुंगवास सुनावला. न्याय मिळाला खरा, पण त्याला दहा वर्षे लागली.

आता भारताकडे वळू. महाराष्ट्राचा या प्रकरणाशी संबंध केवळ बातमी वाचण्यापुरता नाही. पुण्याजवळ चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून उभा आहे; याच समूहाच्या स्कोडाचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे आहे. अमेरिकेतील बातमीनंतर केंद्र सरकारने पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ या संस्थेकडून चाचण्या करवल्या. प्रत्यक्ष रस्त्यावर या गाड्यांचे उत्सर्जन ‘भारत स्टेज ४’च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट असल्याचे आढळले. १ डिसेंबर २०१५ रोजी कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांत १,९८,५०० फोक्सवॅगन, ८८,७०० स्कोडा आणि ३६,५०० ऑडी गाड्या होत्या. मात्र भारतात चाचणी प्रयोगशाळेतच होते, रस्त्यावरील उत्सर्जनाचे बंधनच नाही, सबब नियमभंग झालेला नाही, असा पवित्रा कंपनीने घेतला. चोराने कुलपाच्या कमकुवतपणाकडे बोट दाखवून स्वतःला साव म्हणवून घ्यावे, त्यातला हा प्रकार!

राष्ट्रीय हरित लवादापुढे प्रकरण गेले ते जागरूक नागरिकांच्या अर्जामुळे. लवादाने नेमलेल्या समितीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि एआरएआय यांच्यासह नागपूरच्या ‘नीरी’चाही सहभाग होता. समितीने दिल्लीतील आरोग्यहानीचे मोल १७१.३४ कोटी रुपये काढले. ७ मार्च २०१९ रोजी लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दोन महिन्यांतच, मे २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. दंड करावा की नाही, किती करावा, हा न्यायालयाचा अधिकार. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही रक्कम वसूल झाली असती तरी ती हवा सुधारण्यासाठी होती. गाडीचे पैसे मोजलेल्या सव्वातीन लाख ग्राहकांचा त्या हिशेबात कोठेही उल्लेख नव्हता. अमेरिकेत जे दोन हिशेब मांडले गेले, त्यांपैकी एक भारतात कागदावरच राहिला आणि दुसरा मांडलाच गेला नाही.

भारताला हा पहिलाच धडा होता असेही नाही. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलावल्या होत्या. कमी धूर सोडणारी इंजिने निवडून ती तपासणीच्या गाड्यांत बसवली जात, अशी ती हातचलाखी होती. म्हणजे फोक्सवॅगन प्रकरणाच्या दोन वर्षे आधीच आपल्या व्यवस्थेला धोक्याची घंटा ऐकू आली होती. तरीही ग्राहकाला भरपाई मिळवून देणारी सक्षम तरतूद उभी राहिली नाही.

त्यानंतर काही चांगली पावले पडली, हेही नमूद केले पाहिजे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ‘११० अ’ हे कलम आले. सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते. पर्यावरणाला होणारी हानी हेही त्यासाठी पुरेसे कारण आहे. अशा वेळी ग्राहकाला गाडीची पूर्ण किंमत परत देणे, तिच्या जागी दुसरी देणे किंवा ती दुरुस्त करून देणे, असे पर्याय कायद्यात आहेत. २०२० पासून अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण दिले. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादाही लागू झाली.

परंतु दातांशिवाय जबडा काय कामाचा? परत बोलावण्याच्या आदेशाबरोबर होणाऱ्या दंडाची कमाल मर्यादा नियमांनी एक कोटी रुपये ठरवली आहे. २०१५ मधील ३,२३,७०० गाड्यांना ही फूटपट्टी लावली तर दंड गाडीमागे जेमतेम ३१ रुपये भरतो! उत्पादकाला १०० कोटींपर्यंत दंड करणारे कलम कायद्यात आहे. पण त्यासाठी गुन्हा शाबीत व्हावा लागतो. दुसरीकडे पीयूसी प्रमाणपत्र जवळ नसलेल्या सामान्य मालकाला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गंमत अशी की डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची घनता मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. म्हणजे फोक्सवॅगनचा मालक हे प्रमाणपत्र काचेवर मिरवीत निर्धास्त फिरू शकत होता आणि त्याची गाडी मर्यादेच्या अडीच पट विष सोडू शकत होती.

तेव्हा अपेक्षा तीन आहेत. किंमत परत, बदली गाडी की दुरुस्ती, याची निवड उत्पादकाच्या सोयीने न होता ग्राहकाच्या इच्छेने व्हावी. फसवणूक सिद्ध झाल्यास रोख भरपाई त्यासोबत आपोआप मिळावी. त्यासाठी सव्वातीन लाख कुटुंबांना सव्वातीन लाख वकील गाठावे लागू नयेत. आणि विकल्या गेलेल्या गाड्यांची अचानक रस्ता-चाचणी घेऊन तिचे निकाल जनतेपुढे ठेवले जावेत. एआरएआय ही संस्था १९६६ मध्ये सरकार आणि वाहन उद्योग यांच्या सहयोगातून उभी राहिली. २०१५ मध्ये तिने आपले काम चोख केले. परंतु परीक्षार्थीही ज्या संस्थेत भागीदार आहेत, तिच्यावरच परीक्षेचा सारा भार टाकणे योग्य नव्हे.

मात्र सारे शासनावर सोपवून समाजाने निश्चिंत राहणे, हाही या प्रकरणाचा बोध नाही. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. संघटित ग्राहक आधी आणि कायदा मागाहून, हाच क्रम आजही खरा आहे. गाडी घेताना दिलेली जाहिरात-पत्रके, पावती, सर्व्हिसच्या नोंदी जपून ठेवणे. परत बोलावण्याचे पत्र आल्यास नेमके काय बदलले ते लेखी मागणे. दुरुस्तीनंतर मायलेज घटल्यास त्याची नोंद ठेवणे. हक्क सोडल्याच्या कागदावर न वाचता सही न करणे. आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदत वाया न घालवता, समान फसवणूक झालेल्यांनी एकत्र तक्रार दाखल करणे. ग्राहक कायदा अशा सामूहिक तक्रारीची मुभा देतो. जर्मनीतील लोकांना ही वाट खुली होण्यासाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. भारतीय कायद्यात ती १९८६ पासून आहे, आणि तरीही फारशी वापरली जात नाही.

शेवटी एक कर्तव्यही मालकाच्या वाट्याला येते. भरपाई मागणे हा त्याचा हक्क आहेच; पण दुरुस्तीमुळे पिकअप कमी होईल या भीतीने धूर ओकणारी गाडी तशीच चालवणे, म्हणजे आपल्यावर झालेला अन्याय शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर ढकलणे होय. सिग्नलला उभा असलेला वाहतूक पोलीस, दुचाकीवर पुढे बसलेले शाळकरी मूल, रस्त्याकडेचा भाजीवाला यांनी ती गाडी विकत घेतलेली नसते. तिच्या किमतीतला वाटा मात्र ते रोज श्वासागणिक मोजत असतात. त्यांच्या नावाने भरपाईचा धनादेश कोणत्याच देशात निघाला नाही. म्हणूनच हक्कासाठी उत्पादकाशी निकराने भांडणारा आणि त्याच वेळी आपल्या गाडीचा धूर आवरणारा ग्राहकच पुढच्या लबाडीला खरा पायबंद घालू शकेल.